रोमन अक्षरांवरील चिन्हे आणि संगणक



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला आणि मी तो सांगितला, तेव्हा त्यांच्यापैकी एका गृहस्थांनी अगदी नम्रपणे पुन्हा विचारले, "म्हणजे नेमके काय?" त्यांचा प्रश्न रास्त होता. दिवसभराच्या उन्हाने शिणलेला नागरिक संध्याकाळी या मांडवात येतो तो काही भारदस्त ऐकावे म्हणून. त्याच्यापुढे परक्या लिपीतल्या अक्षरांच्या डोक्यावरचे फराटे आणि टिंबे मांडायची, म्हणजे पंक्तीला बोलावून चटणीवर बोळवण करण्यातलाच प्रकार. शिवाय मी यंत्रज्ञ नव्हे. माझा जन्म फ्रेंच शिकवण्यात गेला. पण त्या फराट्यांशी माझे रोजचेच भांडण असल्यामुळे संगणकाने त्यांचे काय केले हे मला शोधावे लागले, आणि शोधताना असे दिसले की हा प्रश्न यंत्राचा थोडा आणि माणसांचा पुष्कळ आहे.

एक खटला सांगतो, म्हणजे मी काय म्हणतो ते ध्यानात येईल. बेल्जियममध्ये एका बँकेचा एक खातेदार होता. त्याच्या नावातल्या अक्षरावर चिन्ह होते. बँकेच्या कागदांवर ते उमटत नसे. त्याने बँकेला कळवले, "माझे नाव दुरुस्त करा." बँक म्हणाली, "आमच्या यंत्राला ते चिन्ह ठाऊक नाही." गृहस्थ चिकाटीचा. युरोपात मे २०१८ पासून व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा नवा कायदा लागू झाला आहे. त्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणे आपल्याविषयीची चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. त्या कलमावर बोट ठेवून त्याने तक्रार गुदरली. बँकेला नाव दुरुस्त करण्याचा हुकूम झाला, आणि बँक ब्रुसेल्सच्या अपील न्यायालयात गेली. एका फराट्यासाठी अपील! निकाल काय लागला तो शेवटी सांगेन. आधी बँकेचे यंत्र अडाणी का राहिले ते पाहू.

पहिला प्रश्न असा की हे चिन्ह म्हणजे अक्षराचा दागिना की अवयव? दागिना असेल तर काढून ठेवता येतो. इंग्रजीत अशी चिन्हे जवळजवळ नाहीत, म्हणून इंग्रज माणसाला ती दागिन्यासारखी वाटतात. आपण मराठी माणसांनी मात्र तशी चूक करू नये. 'मंद'वरचा अनुस्वार काढला तर 'मद' उरतो. 'वंश'चा 'वश' होतो. फ्रेंचमध्ये 'पेशर' असा एक शब्द आहे. त्यातल्या ई अक्षरावर छत्रीसारखे चिन्ह असेल तर त्याचा अर्थ मासे धरणारा कोळी. तिरका फराटा असेल तर पापी मनुष्य. दोन्ही चिन्हे काढली की कोळी कोण आणि पापी कोण ते देवालाच ठाऊक. वर्तमानपत्राच्या मथळ्यात 'पोलिसाने ठार केले' आणि 'पोलिस ठार झाला' या दोन बातम्यांत शेवटच्या ई-वरच्या एका फराट्याचाच फरक पडतो. स्पॅनिशमध्ये वर्षाला 'आन्यो' म्हणतात. त्यातल्या एन-वरची नागमोडी रेघ पुसली की जो शब्द उरतो त्याचा अर्थ शारीरशास्त्राच्या पुस्तकात पाहावा, या सभेत मी तो सांगत नाही. स्वीडिश लोकांची तर आणखी निराळी तऱ्हा. त्यांच्या वर्णमालेत झेडनंतर तीन अक्षरे येतात. आपण त्यांना टिकली लावलेला ए किंवा दोन टिंबांचा ओ म्हणू, पण स्वीडिश मुलाच्या लेखी ती स्वतंत्र अक्षरे आहेत.

ही चिन्हे कोणी हौसेने काढली नाहीत. रोमन लिपी घडली लॅटिन भाषेसाठी. पुढे ती युरोपातल्या पन्नास भाषांच्या अंगावर चढवली गेली, आणि जिथे ती आखूड पडली तिथे ठिगळ लावावे लागले. स्पेनमधले लेखनिक चामड्यावर लिहीत. जागा वाचावी म्हणून जोड-एनमधला दुसरा एन ते पहिल्याच्या डोक्यावर लहान काढीत. तो घसटून घसटून नागमोडी रेघ झाला. जर्मन स्वरांवरची दोन टिंबे म्हणजे मुळात वर लिहिलेला बारीक ई. फ्रेंचमधल्या त्या छत्रीखाली कित्येकदा एखादा मेलेला एस पुरलेला असतो. इंग्रजीत आपण हॉस्पिटल म्हणतो. फ्रेंच 'ओपिताल'मधला एस उच्चारातून गेला आणि मागे ओ-वर छत्री ठेवून गेला. फ्रेंच वर्गात हे सांगितले की मुलांचे अर्धे पाठांतर वाचते.

ठिगळाची ही गोष्ट आपल्या दाराशीही घडलेली आहे. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवीचा, आणि अक्षरे रोमन. कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. आमच्या भाषेच्या अगदी आरंभीच्या छापील ग्रंथांपैकी हा एक, आणि ट, ड, ण कसे दाखवावे, नाकातला स्वर कसा दाखवावा, हे प्रश्न त्याच्या छपाईपुढे उभे होते. रोमी कोंकणीत ट-डसाठी तेच अक्षर दोनदा लिहिण्याची रूढी आजही आहे. उलट पोर्तुगीज आडनावे इकडे आली तेव्हा त्यांची चिन्हे गळाली. पोर्तुगालमधल्या गोन्साल्विशांच्या नावात सी अक्षराला खाली शेपटी असते. आपल्याकडचे कित्येक गोन्साल्विस साधा एस लिहितात. त्या शेपटीचा कोणाला पत्ताही नाही.

आता यंत्राकडे वळू. पहिले यंत्र टाइपरायटरचे. ज्यांनी मराठी टाइपरायटरवर हात चालवला असेल त्यांना आठवेल की काही कळा दाबल्या तरी गाडा पुढे सरकत नसे. चिन्ह उमटे आणि पुढचे अक्षर त्याच जागी बसे. इंग्रजीत या कळेला 'मेलेली कळ' म्हणतात. युरोपीय टाइपरायटरवर हीच युक्ती होती: आधी चिन्ह, मग अक्षर. फ्रेंचांनी आणखी एक सोय केली. नेहमी लागणाऱ्या चिन्हांकित अक्षरांना त्यांनी वरच्या ओळीत आकड्यांच्या कळांवर जागा दिली, आणि आकड्यांना शिफ्ट दाबण्याची शिक्षा फर्मावली. पण मोठ्या लिपीतल्या फराट्याच्या ई-ला कळ उरली नाही. त्याचा परिणाम असा की "मोठ्या अक्षरांवर चिन्हे देत नाहीत" असा एक नियमच लोक सांगू लागले. फ्रेंच अकादमी बजावून सांगते की मोठ्या अक्षरावरही चिन्ह दिले पाहिजे. पण कळ नाही तर बोट काय करणार? परिषदगृहाच्या दारावर मोठ्या अक्षरांत चिन्हाविना नाव लिहिले की ते 'वाम माशांचे गृह' असेही वाचता येते, हा फ्रान्समधला जुना विनोद आहे. यंत्रातली उणीव व्याकरणाचा नियम होऊन बसते, ही गोष्ट मला फार विचार करण्यासारखी वाटते.

टाइपरायटर कागदावर ठसा उमटवतो. तारयंत्र आणि संगणक ठसा पाठवीत नाहीत, आकडा पाठवतात. कल्पना करा की तुमच्यापुढे दिव्यांची एक ओळ आहे. प्रत्येक दिवा लागलेला असेल किंवा विझलेला. पाच दिवे असले तर त्यांच्या बत्तीस मांडण्या होतात, सात असले तर एकशे अठ्ठावीस, आठ असले तर दोनशे छप्पन. प्रत्येक मांडणी म्हणजे एक आकडा, आणि कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर हे आधी ठरवून ठेवायचे. सारे महाभारत या 'आधी ठरवून' या दोन शब्दांत आहे. ठरवायला कोण बसले होते?

पाच दिव्यांचा प्रसिद्ध संकेत एमिल बोदो या फ्रेंच माणसाने १८७४च्या सुमारास काढला. बत्तीस मांडण्यांत वर्णमाला कशीबशी मावते, तरी बोदोने फराट्याच्या ई-ला त्यात स्वतंत्र जागा दिली. साहजिकच होते, त्याच्या स्वतःच्या नावाचे पहिले अक्षरच ते! तोच संकेत इंग्लंडात गेला तेव्हा तिथे त्या जागी दुसरे चिन्ह बसले, आणि पुढे आंतरराष्ट्रीय तारयंत्रांसाठी जो सुधारलेला संकेत रूढ झाला त्यात बोदोला आपले नाव धडपणे लिहिता आले नसते. तेव्हा चिन्हांकित अक्षर यंत्राला जमत नव्हते असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. ते यंत्रात होते, आणि नंतर काढले गेले.

अमेरिकेत १९६३ साली सात दिव्यांचा संकेत मान्य झाला. त्याचे संक्षिप्त नाव आस्की. एकशे अठ्ठावीस जागांपैकी तेहतीस यंत्राला हुकूम देण्यासाठी गेल्या. उरलेल्यांत अक्षरे, आकडे, विरामचिन्हे आणि कंस. पहिल्या आवृत्तीत इंग्रजीची लहान लिपीसुद्धा नव्हती. ती १९६७ साली आली. या मंडळींना मी दुष्ट म्हणणार नाही. दिवे महाग होते, जागा थोडी होती, आणि ती आपल्या घरची व्यवस्था लावीत होती. त्यांनी परक्यांसाठी एक वाटही ठेवली होती: आधी अक्षर छापा, गाडा एक घर मागे घ्या, आणि त्यावर अवतरणचिन्ह किंवा स्वल्पविराम छापा, तोच फराटा, तीच शेपटी. कागदावर हे चालले असते. पण थोड्याच वर्षांत कागदाच्या जागी काचेचा पडदा आला. पडद्यावर एका घरात दुसरे चिन्ह काढले की पहिले पुसले जाते. वाट होती ती बुजली.

मग युरोपातल्या देशांनी काय करावे? आंतरराष्ट्रीय करारात दहाबारा जागा राष्ट्रीय वापरासाठी मोकळ्या ठेवल्या होत्या. अमेरिकेत तिथे महिरपी कंस, चौकटी कंस, उभी रेघ अशी चिन्हे होती. फ्रेंचांनी ती उठवून आपली अक्षरे बसवली, तसेच जर्मनांनी आणि स्वीडिशांनी केले. एकशे तेवीस हा आकडा घ्या. अमेरिकेत तो उघडणारा महिरपी कंस. पॅरिसमध्ये तो फराट्याची ई. बर्लिन आणि स्टॉकहोममध्ये तोच दोन टिंबांचा ए. पॅरिसहून निघालेले पत्र बर्लिनच्या पडद्यावर उघडले की प्रत्येक फराट्याच्या ई-चा जर्मन स्वर झालेला! पत्र मात्र बिचारे बदललेले नसे. तेच आकडे, तेच दिवे. बदलली ती वाचणाऱ्याची यादी.

याहून मोठी फजिती संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांची झाली. सी नावाच्या भाषेत महिरपी कंसावाचून पान हलत नाही. स्वीडनमध्ये पडद्यावर त्या कंसांच्या जागी स्वीडिश स्वर दिसत, आणि तिथल्या पोरांनी तशाच आज्ञावली वाचायची सवय लावून घेतली. डेन्मार्क, स्वीडनसारख्या देशांची ही अडचण १९८९च्या मानकात इतकी मानली गेली की कंसाऐवजी तीन चिन्हांचा एक गट लिहिण्याची मुभा दिली गेली. आपले नाव लिहायचे की आपले काम करायचे, अशी निवड माणसाला करावी लागली. इंग्रजी बोलणाऱ्याला ती कधी करावी लागली नाही. मला या साऱ्या इतिहासात बोचते ते हेच.

पुढे आठवा दिवा आला आणि जागा दुप्पट झाली. आता सुटले सारे, असे वाटेल. पण प्रत्येक कारखानदाराने नव्या जागा आपल्या मर्जीने भरल्या. तीच आमची फराट्याची ई आयबीएमच्या छोट्या संगणकात १३० व्या जागी, मॅकिंटॉशमध्ये १४२ व्या जागी, आणि १९८७ साली आंतरराष्ट्रीय मानक झालेल्या लॅटिन-१ नावाच्या संचात २३३ व्या जागी. आयबीएमच्या यादीत २३३ वर ग्रीक थीटा बसलेला. एक मुलगी आणि तिला तीन गावांत तीन नावे, अशातली गत.

लॅटिन-१ हा संच पश्चिम युरोपच्या भाषांसाठी म्हणून काढला होता, आणि पश्चिम युरोपात फ्रान्स येतो याविषयी कोणाचे दुमत नसावे. तरीही त्यात फ्रेंचची तीन अक्षरे नव्हती. ओ आणि ई एकमेकांत गुंफलेले एक जोडाक्षर फ्रेंचमध्ये आहे. हृदय, बहीण, बैल, कलाकृती हे सारे शब्द त्याच्याविना लिहिता येत नाहीत. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या १९८३ सालच्या ज्या संचावरून लॅटिन-१ घडला, त्यात २१५ आणि २४७ या जागांवर हे जोडाक्षर, मोठे आणि लहान, बसलेले होते. नव्या संचात तिथे गुणाकाराचे आणि भागाकाराचे चिन्ह आले. गुणाकार-भागाकाराला बसायला जागा आणि हृदयाला नाही! तिसरे गाळलेले अक्षर म्हणजे दोन टिंबांचा मोठा वाय. तो फार थोडा लागतो. पण पॅरिसच्या दक्षिणेला लाई-ले-रोझ नावाचे गाव आहे, त्या गावाला आपले नाव मोठ्या अक्षरांत लिहिता येईना. युरो हे नाणे आले तेव्हा १९९९ साली नवा संच निघाला, आणि त्यात पाव, अर्धा, पाऊण या अपूर्णांकांना उठवून ही तिन्ही अक्षरे परत आणली गेली. ती स्वतःच्या हक्काने आली असे मी म्हणत नाही. युरोच्या चिन्हासाठी दार उघडले, त्या फटीतून ती आत शिरली.

दोनशे छप्पन जागांत सगळा युरोप मावत नाही, म्हणून पूर्व युरोपासाठी लॅटिन-२ असा वेगळा संच केला. पोलिश भाषेतला छेद दिलेला एल लॅटिन-१ मध्ये नाही, आणि फ्रेंचमधली उलट्या फराट्याची ई लॅटिन-२ मध्ये नाही. म्हणजे एकाच साध्या मजकुरात पोलिश आणि फ्रेंच नाव शेजारी लिहिण्याची पंचाईत. तुर्कांसाठी १९८९ साली लॅटिन-५ निघाला, तेव्हा आइसलंडची सहा अक्षरे उठवून त्या जागी तुर्की सहा अक्षरे बसवली. रेल्वेच्या डब्यात बळकट उतारू करतो तसेच. आइसलंडची वस्ती ती किती!

पण माझी खरी सहानुभूती रुमानियन लोकांना. त्यांच्या एस आणि टी या अक्षरांखाली स्वल्पविराम असतो. लॅटिन-२ करणाऱ्यांनी तो स्वल्पविराम आणि तुर्की-फ्रेंच शेपटी एकच मानली आणि रुमानियाला शेपटीची अक्षरे दिली. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात, हे कबूल. इंग्रजाला आपला ड आणि ङ सारखाच दिसतो. १९९९ साली स्वल्पविरामाच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक मिळाले. तरी संगणकांतल्या टंकांत ती अक्षरे नव्हती. लिहिले तर चौकोन उमटे. रुमानिया २००७ च्या जानेवारीत युरोपीय संघात गेला, त्या सुमारास मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजसाठी टंकांची पुरवणी दिली. तोवर वीस वर्षांचे कागद शेपटीच्या अक्षरांत लिहिले गेले होते, आणि यंत्राच्या लेखी शेपटीचा एस आणि स्वल्पविरामाचा एस हे दोन परके इसम आहेत. एका रूपात नाव शोधले तर दुसऱ्या रूपातला माणूस सापडत नाही, जोवर कोणी शोधयंत्राला दोघे एकच म्हणून शिकवीत नाही.

या सगळ्या याद्या मोडून एकच यादी करावी, जगातल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा आकडा द्यावा, हा विचार युनिकोडच्या रूपाने आला. पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये निघाली. आपली देवनागरीही तीतच आहे. आज या यादीत अकरा लाखांवर जागा आहेत, तेव्हा कोणाला उठवण्याचे कारण उरलेले नाही. पण जुने संसार एका घरात आणायचे म्हणजे जुन्या सवयीही येतात. आमच्या फराट्याच्या ई-ला २३३ हा आकडा कायम राहिला, कारण लॅटिन-१ जसाच्या तसा आरंभी ठेवला. शिवाय दुसरीही एक रीत मान्य झाली: साधी ई, आकडा १०१, आणि तिच्यामागे नुसता सुटा फराटा, आकडा ७६९. टाइपरायटरवर चिन्ह आधी येई, इथे ते अक्षरामागून येते. डोळ्याला दोन्ही रीती हुबेहूब सारख्या, आणि यंत्राला वेगळ्या. दोन्ही एकच समजावीत असा नियम वेगळा करावा लागला.

हे परक्याचे दुखणे समजू नका. 'दुसऱ्या' या शब्दातला आपला जो ऱ आहे, त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक आहे, आणि र-खाली नुक्ता देऊनही तोच लिहिता येतो. दोन्ही एकच मानण्याचा नियम आहे, पण ज्या आज्ञावलीने तो पाळला नाही तिथे 'दुसऱ्या' शोधायला जाल तर अर्धेच सापडेल.

आणि इथेही आधी आला तो पाटावर बसला. ज्या भाषांची अक्षरे जुन्या याद्यांत होती त्यांना तयार क्रमांक मिळाले. नायजेरियातल्या योरुबा भाषेत ई-खाली टिंब आणि वर सुराचा फराटा असे अक्षर रोज लागते. त्याला एक क्रमांक नाही, ते जोडूनच लिहावे लागते, आणि आता नवे तयार जोड देणे जवळजवळ बंद झाले आहे. तांत्रिकदृष्ट्या काही बिघडत नाही असे जाणकार सांगतात. बिघडते ते टंक ओबडधोबड असला की. मग फराटा अक्षराच्या शेजारी जाऊन पडतो.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने फ्रान्सहून पत्र पाठवले होते. ते उघडले तर जिथे तिथे मोठ्या ए-वर नागमोडी रेघ आणि तिच्यामागे स्वामित्वहक्काचे चिन्ह, तो वर्तुळातला सी. मला वाटले पोराला ज्वर चढला. मागाहून कारण कळले. युनिकोडचे आकडे पाठवण्याची जी रीत आज जगभर चालते ती केन थॉम्पसन यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर मांडली; समोर रॉब पाइक बसले होते. या रीतीत इंग्रजी अक्षराला पूर्वीसारखा एकच आकडा लागतो आणि फराट्याच्या ई-ला दोन: १९५ आणि १६९. ते दोन आकडे ज्या यंत्राने जुन्या लॅटिन-१ च्या यादीने वाचले, त्याला ती दोन निराळी अक्षरे दिसली. पत्रात चूक नव्हतीच. जपानी लोकांनी या घोटाळ्याला 'मोजिबाके' असे नाव ठेवले आहे. अक्षरांनी रूप पालटणे, असा काहीसा त्याचा अर्थ. वेताळाच्या गोष्टीत शोभेल असा शब्द.

राहता राहिली लिहिण्याची गोष्ट, आणि ती मी थोडक्यात आटपतो, कारण अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत. मेलेली कळ अजून जिवंत आहे. संगणकाच्या कित्येक कळफलकांवर आजही आधी चिन्ह आणि मग अक्षर दाबतात. विंडोजवर ऑल्ट ही कळ धरून ०२३३ दाबले तर फराट्याची ई येते, आणि १३० दाबले तरी येते. तो १३० म्हणजे आयबीएमच्या जुन्या यादीतला आकडा. यादी गेली, तिचा आकडा बोटांत राहिला. मोबाइलवर साधे अक्षर दाबून धरा, त्याची सारी भावंडे वर रांगेत उभी राहतात. व्हिएतनामी लोकांची युक्ती मला सर्वांत आवडली. त्यांच्या एका स्वरावर दोन-दोन चिन्हे असतात, एक स्वराचे आणि एक सुराचे. त्यांना तब्बल १३४ चिन्हांकित अक्षरे लागतात, म्हणजे आठव्या दिव्याने दिलेल्या १२८ जागांतही ती मावली नाहीत. पण तारेने संदेश पाठवण्याच्या काळापासून त्यांची एक रीत आहे: स्वर दोनदा लिहिला की छत्री, शेवटी जे लिहिला की खालचे टिंब. साधा इंग्रजी कळफलक, आणि बोटांखाली बिनचूक व्हिएतनामी. फ्रेंचांना मात्र आपल्या कळफलकाबद्दल २०१६ साली त्यांच्याच सांस्कृतिक मंत्रालयाकडून ऐकावे लागले की बाजारात मिळणाऱ्या फलकावर शुद्ध फ्रेंच लिहिणे जवळजवळ अशक्य आहे. एप्रिल २०१९ मध्ये नवे मानक निघाले, आणि मोठ्या फराट्याच्या ई-ला त्यात सोपी वाट मिळाली. बोदोनंतर सुमारे दीड शतकाने!

आता त्या बेल्जियन खातेदाराचे. बँकेने न्यायालयात सांगितले की आमची व्यवस्था १९९५ सालची आहे. ती इब्सिडिक नावाच्या संकेतावर चालते, आणि ती बदलायला फार काळ आणि फार पैसा लागेल. इब्सिडिक हा आयबीएमचा १९६४ च्या मोठ्या यंत्रांबरोबर आलेला संकेत. त्याची युरोपीय अक्षरे सामावणारी रूपे आयबीएमने स्वतःच काढलेली होती, हे लक्षात ठेवा. ९ ऑक्टोबर २०१९ रोजी ब्रुसेल्सच्या न्यायालयाने बँकेचे अपील फेटाळले. न्यायाधीशांच्या म्हणण्याचा आशय असा की आजच्या काळात चालणाऱ्या बँकेजवळ माणसाचे नाव बरोबर लिहू शकेल अशी यंत्रणा असलीच पाहिजे; यंत्र जुने आहे, ही सबब त्या माणसाच्या हक्कापुढे टिकत नाही. त्याचे नाव काय आणि चिन्ह कोणते, ते मला ठाऊक नाही. ठाऊक असते तर फळ्यावर काढून दाखवले असते.

 कोणाच्या मोबाइलवर ती फराट्याची ई सापडत नसेल तर मी मांडवाच्या दाराशी थोडा वेळ थांबतो आहे.